नदीपलीकडचे शुक्रवार

आई, पलीकडच्या चर्चमधला फिश फ्राय, उपवासकाळातलं ते तळलेल्या माशांचं जेवण, परवाच्या शुक्रवारी शेवटचा झाला. तिथल्या तीन चर्चच्या पॅरिश एकत्र करून आता एकच ठेवणार आहेत आणि ते विटांचं चर्च, खालच्या हॉलसकट, विकायला काढलंय. कुणी म्हणतं तिथे कॉन्डोचे फ्लॅट होतील, कुणी म्हणतं पाडून पार्किंग करतील. पोर्ट ह्यूरनमध्ये अशी कुजबुज कुठल्या ना कुठल्या इमारतीबद्दल कायम चालू असते, तुझ्या वेळीही होती. तुला कळवावंसं वाटलं, कारण इकडे सार्नियात, नदीच्या आपल्या, कॅनडाच्या बाजूला, त्याचं कुणाला काही नाही. वॉटर्लूहून लेकीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं, तर म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट फिश." तिचंही चुकलं नाही. तू देवाघरी गेलीस तेव्हा ती बालवाडीत होती. तिने तुला त्या हॉलमध्ये ॲप्रन बांधून उभं राहिलेलं पाहिलंच नाही.

बाबा गेल्यावर मी तुला वसईहून इथे आणलं, तो पहिला हिवाळा आठवतो. मी सकाळी अंधारात प्लँटवर जायचे आणि अंधारातच परत यायचे. हे आठवडाभर ओकव्हिलच्या ऑफिसात, शुक्रवारी उशिरा घरी. तू दिवसभर एकटी. चौथीच्या वर्गाला जन्मभर भूगोल शिकवलेली बाई तू, आल्याआल्या नकाशा मागितलास आणि तो स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून नदीवर बोट ठेवलंस. वर सरोवर, खाली दुसरं सरोवर, मधे ही अरुंद नदी, आणि पलीकडे लगेच अमेरिका. "भरती किती वाजता येते इथे?" तू विचारलंस. मी म्हटलं, इथे भरती-ओहोटी नसते, पाणी वरून खाली जातं, एवढंच. खाडीकाठी आयुष्य गेलेल्या तुला ते पटेना. दुसऱ्या दिवशी तू नदीवर जाऊन बराच वेळ उभी राहिलीस आणि संध्याकाळी मला म्हणालीस, "खरंच गं. इथलं पाणी एकदा गेलं की परत येत नाही."

सार्नियाचे सगळेच लोक तेव्हा स्वस्त पेट्रोल आणि दूध-चीज घ्यायला पूल ओलांडून जायचे, तसे आपण एका शुक्रवारी गेलो. ईस्टरआधीचा आपला उपवासकाळ चालू होता, शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो. पोर्ट ह्यूरनच्या मुख्य रस्त्यावर निम्मी दुकानं बंद, काचांवर कागद चिकटवलेले, आणि एका चर्चबाहेर मात्र फुटपाथभर माणसं उभी. तू म्हणालीस, "गाडी थांबव. कुणी वारलंय का बघ." कुणी वारलं नव्हतं. खाली हॉलमध्ये मासे तळत होते. लांब टेबलं, कागदाच्या थाळ्या, पायऱ्यांपर्यंत तेलाचा वास. थाळी वाढायला एक उंच, हाडकुळी म्हातारी होती. तिला नजरेच्या मधोमध दिसत नसे, म्हणून ती माणसाकडे मान वळवून, कडेने बघायची. तू पहिला घास घेतलास आणि मला म्हणालीस, "ह्या मीठ घालायला विसरल्या काय?" तेवढ्यात ती जवळ आली. "काय म्हणतेय तुझी आई?" मी म्हटलं, फार छान झालंय म्हणतेय. तिने मान वळवून तुझ्या तोंडाकडे पाहिलं. "छ्या, असं काही ती म्हणालेली नाही," म्हणाली आणि मिठाची बाटली तुझ्यासमोर ठेवली. तू हसलीस. बाबा गेल्यानंतर मी तुला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी तू थेट आत गेलीस. माशाला हात लावला नाहीस. "त्यांचा मासा त्यांना तळू दे, मी कोबी चिरते," म्हणालीस. कोलस्लॉसाठी, त्यांच्या त्या कोबीच्या कोशिंबिरीसाठी, पोतंभर कोबी लागायचा. तू आणि ती समोरासमोर उभ्या. ती हाताने चाचपून पानं सोडवायची, तू चिरायचीस. मी बाहेर गाडीत लॅपटॉप उघडून बसायचे आणि मधूनमधून घड्याळ बघायचे. तुमची भाषा कुठली होती, मला अजून कळलेलं नाही. तुझं इंग्रजी शाळेतल्या धड्यांपुरतं, तिला मराठीचा गंध नाही. तरी परतताना पुलावर तू मला त्या गावाचा इतिहास सांगायचीस, आणि तो तिच्याकडूनच आलेला असायचा. तिथे आधी नुसतं जंगल होतं. ते तोडून तोडून संपवलं, मग जहाजं बांधली, मग तीही थांबली. आयरिश लोकांचं चर्च वेगळं, जर्मनांचं वेगळं, आणि एकमेकांच्या दारात पाऊल टाकायचे नाहीत. तिचा नवरा खनिज वाहणाऱ्या बोटींवर होता. त्याची बोट गावावरून जायची तेव्हा भोंगा द्यायची, आणि ही हातातलं काम टाकून काठावर धावायची. आणि तो बोगदा. नदीखालून आगगाडी जायची तो. तिचा आजोबा तो खणायला होता. अमेरिकेच्या बाजूने काही माणसं खणत आली, कॅनडाच्या बाजूने काही, आणि पाण्याखाली मधोमध भेटली. हे सांगताना तू स्टिअरिंगवरचा माझा हात धरलास. "कुणाला काही दिसत नव्हतं गं, आणि तरी बरोबर भेटली."

मग न्यूयॉर्कचे टॉवर पडले. पुलावर रांगा लागल्या, डिक्की उघडून बघायला लागले, पण तू जात राहिलीस. तोवर तुझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवर कॅनडात लँडेड झालेल्यांना, म्हणजे कायम राहायला आलेल्यांना, तिकडे व्हिसा लागत नसे. ते पुढे बदललं. बातमी पेपरात आली असणार, मी वाचली नाही. उपवासकाळातला एक शुक्रवार, तुझ्या मांडीवर घडी घातलेला ॲप्रन. अमेरिकेच्या नाक्यावर खिडकीतला तरुण अधिकारी माझा कॅनडाचा पासपोर्ट परत देतो, तुझा उलटसुलट करून बघतो, मग फार अदबीने म्हणतो, "मॅम, तुम्हाला जाता येईल. तुमच्या आईंना आता व्हिसा लागेल." त्याने गाडी कशी वळवायची तेही समजावलं. आपल्या बाजूला परत आलो तर कॅनडाच्या खिडकीवर नेहमीचा प्रश्न, किती वेळ होतात अमेरिकेत? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तू शेजारून मराठीत म्हणालीस, "सांग त्याला, पोचलोच नाही."

मी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मागितली. मिळाली ती ईस्टरनंतर कितीतरी आठवड्यांनी, टोरोंटोला. तुझ्या मैत्रिणीला मी फोनवर सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नदी तर तिथेच आहे ना? शुक्रवारी चारला मी काठावर येते. तिला म्हणावं, काहीतरी भडक घाल, नाहीतर मला दिसायची नाहीस." तू माझं प्लँटवरचं जाकीट मागितलंस, नारिंगी, चकाकत्या पट्ट्यांचं. ते कोटावर चढवून तू पुलाजवळच्या काठावर उभी. मी मुद्दाम लवकर निघून आले होते, एकाच शुक्रवारी, आणि ते दृश्य मी पाहिलं. पाण्यातून बर्फाचे तुकडे वाहतायत. सूर्य तिच्या पाठीशी, तुझ्या तोंडावर. तिकडे कुणीतरी तिचा हात धरून तिला कठड्यापर्यंत आणतं, आणि एक बारीकशी काळी आकृती हात वर करते. तू दोन्ही हात वर करतेस. थोडा वेळ तशाच. मग ती मासे वाढायला जाते आणि तू घरी येऊन डाळ-भात लावतेस. मला तेव्हा ती म्हाताऱ्या बायकांची गंमत वाटली. प्लँटवर मी ती गंमत म्हणूनच सांगितली, आणि लोक हसले.

"तिला इकडे आण ना एकदा," तू म्हणायचीस. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि मला रविवारी सवड नव्हती. शिवाय त्याच सुमारास इराकची लढाई सुरू झाली आणि पुलावरची रांग हलेनाशी झाली. आपण ईस्टरचं ठरवलं. मी तिला सकाळी जाऊन घेऊन यायचं, दुपारी आपल्याकडे जेवायचं. तू आठवडाभर आधीपासून ठरवत होतीस काय करायचं ते. फुगे तर करणारच होतीस, आपल्या वसईचे, पीठ आंबवून तळलेले.

गुड फ्रायडेला तू काठावर गेलीस आणि ती आली नाही. पलीकडचे दिवे लागेपर्यंत तू उभी होतीस. मी शोधत आले तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते. घरी येऊन मी हॉलमध्ये फोन लावला. सकाळी ती पायरीवरून घसरली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तू तेवढंच म्हणालीस, "मग तिला कळलं नसेल मी आले होते ते." दुसऱ्या दिवशी तू पहाटे उठून फुगे तळलेस, डबा भरलास आणि माझ्या हातात दिलास. मी एकटीच पूल ओलांडून हॉस्पिटलात गेले. तिने मान वळवून मला कडेने पाहिलं.

"ती किती वेळ थांबली होती?"

"थोडा वेळ," मी म्हटलं.

"तुम्ही मायलेकी," ती म्हणाली, "दोघींचं तोंड वेगळं सांगतं." मग डबा उघडून एक फुगा खाल्ला, सावकाश. "तिला सांग, मीठ कमी आहे."

मी घरी येऊन तुला ते सांगितलं आणि तू हसलीस, आणि हसता हसता सिंकपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिलीस.

तिचा मुलगा तिला टेक्ससला घेऊन गेला. इतकं चटकन होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तिथून एकदा तिचा फोन आला. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून तू म्हणत होतीस, "ईटिंग? स्लीपिंग? गुड. गुड." मग बराच वेळ तू रिसीव्हर नुसता कानाला लावून होतीस. मी बाजूच्या खोलीत होते. आत येऊन मधे बोलावं, तुझं तिला आणि तिचं तुला सांगावं, असं वाटलं. पण मी आले नाही. तो उन्हाळा संपायच्या आत ती तिकडेच वारली.

पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख त्याआधीच, ती टेक्ससला असतानाच, आली होती. मी म्हटलं, आता कशाला टोरोंटोपर्यंत जायचं? तू साडीला पिना लावत होतीस. "कोबी कोण चिरणार?" गाडीत मी तुला पढवलं, फिरायला जाणार असं सांग, काम हा शब्द काढू नकोस. वकिलातीच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, अमेरिकेत काय करणार? तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "कट कॅबेज." तिने वर बघितलं. पगार कोण देणार? "नो पे. चर्च. फ्रेंड." फ्रेंड तिथे राहते? "फ्रेंड गॉन," तू म्हणालीस. "कॅबेज इज देअर." मला वाटलं, संपलं. त्या बाईने थोडा वेळ तुझ्याकडे पाहिलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मिळाला.

त्यानंतर दर उपवासकाळात तू गेलीस, गुडघे दुखायला लागेपर्यंत आणि त्यानंतरही. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला तू कुणाला उभं राहू दिलं नाहीस. पानं स्वतःच सोडवायचीस, मग वळसा घालून इकडे येऊन चिरायचीस. लोक म्हणायचे, असं केल्याने वेळ लागतो. तुला कळत नाही असं दाखवायचीस. तुझ्या अंत्यविधीला आपल्या इथल्या चर्चबाहेर मिशिगनच्या, म्हणजे नदीपलीकडच्या, नंबरप्लेटींची रांग लागली होती. मी दारात उभी राहून हात मिळवत होते आणि एकेक जण मला माझ्याच आईबद्दल सांगत होता. कामावरून काढलेल्या एका माणसाला तू दर शुक्रवारी दोन थाळ्या बांधून द्यायचीस. कुणाच्या तरी नातवाला तू पाढे शिकवले होतेस, मराठीत. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बाहेर गाडीत होते.

पुढच्या उपवासकाळात मी आत गेले. आजवर जात राहिले. कोबी आता चिरलेलाच पिशवीतून येतो, म्हणून मी कॉफी ओतते. लोक मला माझ्या नावाने ओळखत नाहीत, कोबीवाल्या बाईंची मुलगी म्हणतात. परवा तिथल्या फादरनी सगळ्यांदेखत मला तुझ्याविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, माइक हातात घेतला आणि मला काही सुचलं नाही. थँक्यू म्हणून खाली बसले. टाळ्या वाजल्या. मग सगळ्यांनी मिळून टेबलं मिटली, खुर्च्या भिंतीला लावल्या, आणि पार्किंगमध्ये बराच वेळ कुणी घरी जाईना.

तेव्हा जे सुचलं नाही ते आज इथे लिहिलंय. लेकीला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, आणि ह्यांना वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. तेव्हा हे माझ्यापाशीच राहील. तू इथे आलीस तेव्हा जेवढी होतीस, त्या वयाला मी आता पोचलेय. ह्या गावात मी तुझ्या तिप्पट काळ राहिले. मला इथली भाषा येते, गाडी येते, माझ्याकडे इथला पासपोर्ट आहे. पण आई, मी ठरलेल्या वेळी नदीवर गेले नाही तर काळजीत पडेल असं काठावर माझं कुणी नाही. तसं कुणी जोडायला मला कधी जमलंच नाही.