आठ घरांच्या गौरी आमच्या दारात

खारघर,
गौरी गेल्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप सत्यभामाआत्या यांना खारघरहून उत्कर्षाचा वाकून नमस्कार. हात साबणाने दोनदा धुतले आहेत, पण नखांतला गेरू गेलेला नाही. नमस्कार तेवढा तांबूस समजावा. तुमचा गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याचं तुम्ही न विचारता सांगता, म्हणून डाव्याची मला जास्त काळजी वाटते.) आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे आप्पांची पाठ पावसाळ्यात धरते तेवढीच धरली आहे आणि मला जेवण जातं आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता, आणि मागच्या वेळी माझ्या दाढेचं दुखणं ऐकून अर्ध्या आळीने औषधं कळवली होती. शिवाय फोनवर मी तुम्हाला 'तू' म्हणते, आणि 'तू' म्हणून असल्या गोष्टी सांगता येत नाहीत.

आधीच सांगून ठेवते की माझं काही चुकलेलं नाही. याबद्दल मी ठाम आहे. गेल्या जूनपासून मी घरीच, शनिवार-रविवार सकाळी, चार ते सात वर्षांच्या नऊ मुलांना ठसेकाम शिकवते. विकतचे ठसे नाहीत. घरातली रोजची वस्तू रंगात बुडवायची, कागदावर टेकवायची, आणि तीच एका अंतराने पुन्हा पुन्हा टेकवत गेलं की नक्षी होते. भेंडीच्या कापाचं फूल, बाटलीच्या झाकणाची गोल साखळी, रवीच्या टोकाची चांदणी. हे मी कोणत्याही कोर्सात शिकले नाही (कोर्स केला, पण तो नंतर). ज्या वर्षी आप्पांची पाठ वाशीच्या मार्केटात पोत्याखाली गेली आणि आम्ही कोरेगावला परत आलो, त्या वर्षी मला बालवाडीत रडू यायचं म्हणून तुमचं स्वयंपाकघर हीच माझी शाळा झाली. 'दाबू नको, टेकव' हे तुमचं वाक्य मी आता दर वर्गात नऊ वेळा म्हणते. अंतर सारखं राहावं म्हणून मध्ये दोन बोटं ठेवायची, हेही तुमचंच. मुलांना मी तुमचं नाव सांगितलेलं आहे. त्यांच्या मते तुम्ही भेंडीच्या शोधकर्त्या आहात.

वर्गाला सोसायटीची परवानगी आहे, पण कच्ची. सचिव सुभाषकाका म्हणाले होते, दिवाळीपर्यंत बघू. आणि मी आप्पांना शब्द दिला आहे की दिवाळीला परवानगी पक्की झाली नाही तर वर्ग बंद करून मुकाट्याने बँकेच्या परीक्षांना बसेन. (पुस्तकं आणून ठेवली आहेत. कपाटावर आहेत. मी तिकडे बघत नाही.) काकांची नात ईश्वरी माझ्याच वर्गात, ही ऑगस्टपर्यंत जमेची बाजू होती. ऑगस्टात मी मुलांना सांगितलं, घरात रोज वापरतात अशी एक वस्तू आणा. शिवतेजने कंगवा आणला. ईश्वरीने आजोबांचा रबरी शिक्का आणला, आणि तिच्या घरात तो खरोखरच रोज वापरात असल्यामुळे नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. तिने 'सचिव' या शब्दाची जी वेल काढली, तिच्यात अंतर सारखं, कोपरे नीट वळवलेले, शाई कुठे फुटलेली नाही. कागद घरी गेला तेव्हा सुभाषकाका खाली बसले. एक्केचाळीस शिक्के, म्हणाले, आणि मध्ये कोरी जागा. उद्या कोणी काहीही लिहील. मला बोलावून घेतलं. मी तो फाडायला निघाले तर ईश्वरी रडायला लागली. शेवटी तो काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगला, म्हणजे कायम नजरेखाली राहील.

एवढं होऊनही सुचिताकाकू (सुभाषकाकांच्या मंडळी) स्वतः येऊन म्हणाल्या की या वर्षी गौरीची पावलं मुलांकडून काढून घे, तेव्हा मला वाटलं परवानगी पिकून हातात पडते आहे. इथे इतकी वर्षं सगळ्यांकडे तयार स्टिकर चिकटवायची पद्धत. मी म्हणाले, स्टिकर कशाला, मूठ आहे की. मुठीइतकी रोजची वस्तू दुसरी कोणती? आता आमच्याकडे गौर बसत नाही, आणि मी ती पावलं आयुष्यात एकदाच काढली आहेत, तुमच्याबरोबर, त्या कोरेगावच्या वर्षी. पण तुमच्या हाताखाली एकदा केलेलं विसरायला होत नाही. मूठ वळायची, करंगळीची बाजू गेरूत बुडवून जमिनीवर टेकवायची, पुढच्या अंगाला बोटाने पाच ठिपके. एकदा डावी मूठ, एकदा उजवी. सुरुवात आपल्या उंबऱ्यापासून, तोंड बाहेर, आणि ओल्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने पुढे. आपण दोघी तशाच तुमच्या उंबऱ्यावरून निघालो, आळी ओलांडली, गुरवांच्या शेळीला हाकललं आणि समोर आमच्या उंबऱ्यावर पोचलो. तिथे आई ओलं फडकं घेऊन उभी होती. मुलांना मी हेच शिकवलं, अक्षराचाही फरक न करता. गेरूत डिंक घातला, तुम्ही घातला होता तसा, पावलं लवकर पुसली जाऊ नयेत म्हणून. आणि सकाळी नऊला ओलं फडकं घेऊन मी आमच्या दारात उभी राहिले.

नऊपैकी आठ घरांत गौरी बसतात. नववा अभय. ती बौद्ध मंडळी, मूळची चिपळूणकडची. त्यांच्याकडे गौरी नसतात, म्हणून मी त्याच्या आईला, शर्मिलाताईला, आधी विचारून घेतलं. ती म्हणाली, "मूठ त्याची, रंग तुझा, मला काय विचारतेस? फक्त युनिफॉर्मला लावू नको." अभयने विचार करून पावलांऐवजी भेंडीची फुलं काढत येण्याचं ठरवलं. तर अशी नऊ मुलं नऊ उंबऱ्यांवरून निघाली. काय पावलं होती म्हणून सांगू, आत्या. इवल्या मुठींची, सारख्या अंतराची, एकही फुटलेलं नाही. शिवतेजची पावलं जिन्याच्या खिडकीपाशी दोनदा गोल फिरली होती, कारण तो रोज तिथे थांबून कबुतरं बघतो. साडेनऊला सगळ्यांचे हात पुसून झाले आणि मी इतकी समाधानी होते की स्वतःलाच भीती वाटली.

मग सुचिताकाकू ताम्हनात मुखवटे घेऊन दाराबाहेर आल्या. मागे घंटा, ताट वाजवायला ईश्वरी. पहिल्या पावलावर पाय द्यायला म्हणून त्यांनी खाली पाहिलं आणि तशाच थांबल्या. आत यायला एकही पाऊल नव्हतं. सगळी बाहेर जाणारी. नुसत्या त्यांच्याच नव्हेत, आठही घरांच्या गौरी आपापल्या उंबऱ्यावरून बाहेर पडल्या होत्या, पाचव्या मजल्यावरच्या दोघी जिना उतरल्या होत्या, आणि सगळ्या येऊन आमच्या दारात, फडक्यापाशी, संपत होत्या. काकू एवढंच म्हणाल्या, "अगं, आमची आली कधी आणि गेली कधी?"

पुसायला कोणी धजेना. गौरीचं पाऊल सणाच्या दिवशी पुसायचं कोणी? (डिंकामुळे ते निघालंही नसतं, पण हे मी तेव्हा सांगितलं नाही. नंतर जाऊन सांगितलं.) पाचव्या मजल्यावरच्या पुतळामावशींनी उपाय काढला की टाचेच्या बाजूलाही पाच ठिपके द्यावेत, म्हणजे पाऊल आतही येतं. मी म्हणाले, दहा बोटांचं पाऊल कुठेच जात नाही. हे बरोबर होतं, पण बोलायला नको होतं. शेवटी सगळ्यांनी जुनी स्टिकर शोधून आणली आणि गौरी त्यांवरून आत गेल्या, माझ्या पावलांच्या अगदी शेजारून, समोरासमोर, जिन्यात चढणारी-उतरणारी माणसं एकमेकांना वाट देतात तशा.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच दुपारी आमच्या नळाला कधी नव्हे असा धो धो जोर आला आणि सुचिताकाकूंच्या नळाला करंगळीएवढी धार. (पाइपात हवा अडकली होती. प्लंबरने तसं लिहून दिलं आहे, मी मागून घेतलं.) घरात शेपूच्या जुड्या निवडून पडलेल्या, भाकऱ्यांचं पीठ मळायचं, आणि पाणी आमच्याकडे. मी दोन बादल्या भरून नेऊन दिल्या. काकूंनी त्या घेतल्या, पण अशा नजरेने की जणू आपलंच परत घेतात. बादल्या अजून आल्या नाहीत आणि मागण्याचं तोंड मला नाही.

काल रविवारी सभा झाली. विषय एकच, आमचा वर्ग. सुभाषकाकांनी विचारलं, तुमच्याकडे अशीच रीत आहे का? मी म्हणाले, हो, साताऱ्याकडे. ते स्वतः कराडचे. म्हणाले, साताऱ्याकडे? मी म्हणाले, म्हणजे कोरेगावात. ते म्हणाले, माझी मावशी कोरेगावची. मी म्हणाले, आमच्या आळीत. इथे आप्पांना खोकला आला आणि ते पाणी प्यायला उठून गेले. एक मत असं पडलं की वर्गच बंद करावा, म्हणजे प्रश्न मिटला. तेव्हा शर्मिलाताई उठली. ती न्हावा शेव्याच्या बंदरात एका एजंटाच्या ऑफिसात मालाची कागदपत्रं बघते, आणि सभेत बोलते ती उभ्या उभ्या निघायच्या घाईत असल्यासारखी. म्हणाली, "काका, उगाच टेन्शन घेता. पोरं रोज क्लासला कशी जातात? घरातून निघून उत्कर्षाकडे. तशीच काढली. तो शिवत्या कबुतरं बघायला थांबतो, तिथं देवीपण थांबली. आणि समजा गेलाच माल चुकीच्या पत्त्यावर, तर आमच्याकडं माल परत पाठवतात. गोदाम पाडत नाहीत."

त्यावर ठराव झाला तो असा: पावलं पुसू नयेत. दिवाळीच्या आत एखाद्या जाणत्या बाईने बसून आठही उंबऱ्यांत आत येणारी पावलं मुलांकडून काढून घ्यावीत. ती नीट निघाली तर वर्गाला पक्की परवानगी, नाही तर वर्ग बंद. मी तो मान्य केला. पद्धत माझी बरोबरच होती, पण बहुमतापुढे इलाज नाही.

आता पुरे करते. गुडघ्याला तेल लावत जा आणि लावलं असं खोटं सांगू नका.

तुमच्या शाळेची पहिली आणि बहुतेक एकुलती विद्यार्थिनी,
उत्कर्षा

ता. क. १: 'जाणती बाई कोण?' असं सभेत विचारलं तेव्हा मी तुमचं नाव सांगून टाकलं आहे. इतिवृत्तात आलं आहे, आता खोडता येत नाही. वसुबारसेच्या आधी येता येईल का? पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं.

ता. क. २ (मंगळवार): मी कुठलंही पत्र आप्पांना दाखवल्याशिवाय टाकत नाही. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, कोरेगावातसुद्धा पावलं आतच येतात. त्या वर्षी आमच्याकडे गौर बसणार नव्हती म्हणे. आप्पा अंथरुणाला, आईने जमणार नाही म्हणून सांगून टाकलेलं. तेव्हा अक्का (म्हणजे तुम्ही) म्हणाली, माझ्या दोघी आहेत, एक भावाकडे जेवून येईल. आणि पोरीला हाताशी धरून, सगळ्या आळीदेखत, आपल्या उंबऱ्यावरून आमच्या उंबऱ्यापर्यंत पावलं काढली. हे मला कोणी सांगितलं नाही. मला वाटलं, रीतच ती. म्हणजे आत्या, माझं चुकलेलं आहे, आणि पत्राचं दुसरं पान बदलायला हवं. पण बदलत नाही. त्याच वर्षी तुमची म्हैस आटली हेही आप्पांच्या तोंडून निसटलं. त्यात माझ्या उजव्या मुठीचा वाटा अर्धा धरावा.

ता. क. ३ (बुधवार): सभेपुढे चुकीची माहिती ठेवली म्हणून मी सुचिताकाकूंकडे जाऊन वरचं सगळं खरं सांगून आले. त्या ऐकत गेल्या आणि शेवटी उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. घरी येऊन मी कपाटावरची पुस्तकं खाली काढली. संध्याकाळी ईश्वरी आमच्या दोन्ही बादल्या ओढत घेऊन आली. रिकामं भांडं परत करायचं नाही म्हणून एकीत नारळ होता आणि दुसरीत कागद. पक्की परवानगी. सहीखाली 'सचिव' हा शिक्का पाच वेळा, गोलाकार, भेंडीच्या फुलासारखा. अंतर सारखं आहे.

ता. क. ४: म्हणजे आता तुम्ही यायलाच हवं असं राहिलेलं नाही. तरी या. बस कळंबोलीला थांबते, आप्पा आणायला येतील. जून भेंडी आणा. इथली कोवळी असते, भाजीला चांगली, पण ठसा धरत नाही. गुडघ्यासाठी लिफ्ट आहे. गौरी जिन्याने उतरल्या त्या एवढ्यासाठीच की मुलांचा हात बटणापर्यंत पोचत नाही.