दिवा मालवण्याआधी

वाळवा, ३ ऑगस्ट २०२४

ती. संयोगिताआत्यास,
अंकिताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही म्हणून पत्र. माझा फोन वाजला की सासूबाई उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि मग मला हाक मारतात. तुमचा नातू मानसिंग आता भिंतीला धरून उभा राहतो.

जयराज दसऱ्याला पलटणीतून रजेवर येताहेत आणि मला फार भीती वाटतेय. मानसिंगच्या वेळी रक्त थांबेना, तेव्हा तुम्ही शेजारीच होतात. दोन वर्षांत पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर बजावलं. सासरी मात्र आपण नुसतं सिझर झालं म्हणून कळवलं, पोरगी नाजूक निघाली असं कुणी म्हणू नये म्हणून. आता सासूबाईंनी देव्हाऱ्यात नारळ आणून ठेवलाय. मुलगा आला की सुनेची ओटी भरायची, रजा रिकामी जाऊ नये, ही या घरची रीत.

गोळ्या आणून ठेवाव्यात, तर नवरा सीमेवर असलेल्या बाईच्या कपाटात त्या सापडल्यावर लोक काय म्हणतील? जयराजांना तरी कुठल्या तोंडानं सांगू? आमचा संसार रजेपुरता, एवढं बोलायची सवयच नाही.

तुमच्या कादंबऱ्या मी चोरून वाचत मोठी झाले, आत्या. पण तुमची नायिका हे कधी बोलतच नाही. दिवा मालवतो आणि प्रकरण संपतं. दिवा मालवण्याआधी बाईनं काय म्हणायचं असतं, ते लिहा ना कधीतरी.

लोभ आहेच, सोबत थोडं धाडसही पाठवा.
तुमची अंकिता

सातारा, १९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. अंकितास,
अ. उ. आ.

चोरून वाचायचीस हे ठाऊक होतं, पानांवर चिंचेचे डाग असायचे! पण तुझं पत्र वाचून हसू आलं नाही. तो दवाखाना डोळ्यांपुढे आला. जयराजरावांना मीच फोन करणार होते, पण बायकोच्या आत्याकडून हे ऐकून ते बिथरले तर, या धास्तीनं केला नाही.

मग लिहायला बसले. मासिकातल्या चालू कादंबरीत वीरधवल आणि प्रांजलचं लग्न लागलंय. नेहमीप्रमाणे त्यानं दिव्याकडे हात नेला आणि प्रांजलनं तो धरला. ती म्हणाली, की मला तुम्ही हवे आहात, मूल आत्ता नको, आणि ती काळजी दोघांनी घ्यायची. वीरधवल रुसला नाही. त्यानं बॅगेतून निरोधचं पाकीट काढलं. हे कसं बोलावं या विचारानं तोही घाबरलेला होता. तो शब्द मी लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. आणि खरं सांगते, त्यानंतर त्या दोघांची जी माया जुळली, तशी मला आजवर लिहिता आली नव्हती.

संपादक म्हणतात, रसभंग होतो, वर्गणीदार अंक परत करतील, मग कादंबरी बंद. एक ओळ काढलीत तर पुढचं प्रकरण मिळणार नाही, असं मी ठणकावलं.

पण मजकूर गेल्यावर आठवलं, की तुमच्याकडे हा अंक सासूबाईंसाठी येतो आणि तूच त्यांना वाचून दाखवतेस! ते पान गाळ गं बाई.

जिवाला जप, माझ्यासाठी तरी.
तुझी आत्या

वाळवा, ६ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अंक आला. सासूबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. मी पान गाळून पुढचं सुरू केलं, तर म्हणाल्या, की आगं, आत्ता तर दिवा लावलावता, लगीच सकाळ कशी झाली? मग वाचावं लागलं. निरोध हा शब्द मी घाईनं उरकला. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विचारलं, की त्या पोरीला कसलं भ्या हाय? मी म्हटलं, पुढच्या अंकात असेल. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उठून गेल्या.

परवा जयराज येताहेत. नारळ देव्हाऱ्यातच आहे. मला काही सुचत नाही.

आठवण असू द्या.
अंकिता

वाळवा, ९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर यायच्या आतच लिहितेय. काल सकाळी जयराज आले. ते अंघोळीला गेले आणि स्वयंपाकघरात नारळ फुटल्याचा आवाज आला. सासूबाईंनी ओटीचा नारळ फोडून चटणीला घेतला होता! माझ्याकडे न बघता म्हणाल्या, की पुढच्या अंकापत्तुर मला दम न्हाई, कसलं भ्या हाय ते तूच सांग.

मी सगळं सांगितलं. आधी त्या रडल्या, मग चिडल्या, की आमी काय परकी हाय व्हय? शेवटी म्हणाल्या, की जयराजला तुझं तूच सांग, म्या हाय भाईर.

प्रांजलची वाक्यं पाठ केली होती, आत्या, पण ऐन वेळी एकही आठवेना. मला मरायचं नाही, एवढंच आधी बोलले, मग डॉक्टरीणबाईंचं बजावणं सांगितलं. जयराज मान खाली घालून बसले. मला वाटलं, संपलं सगळं. मग गाडी काढून निघून गेले.

ते इस्लामपूरला गेले होते, कारण गावातलं मेडिकल त्यांच्या चुलतभावाचं. परत आले तेव्हा हातात पिशवी होती, वर भडंगाची पुडी, खाली वीरधवलनं काढलं तसलं पाकीट. दारातच सासूबाईंनी पिशवी घेतली आणि आत पाहिलं. आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. त्यांनी भडंगाची पुडी काढून घेतली, बाकीची पिशवी माझ्या हातात दिली आणि मानसिंगला कडेवर घेऊन ओसरीवर जाऊन बसल्या.

तुमच्या लोभातली,
अंकिता