चारही पापुद्र्यांना एकच आकडा

१२ जानेवारी, सोमवार
सकाळी पूजेत निरांजन उचललं आणि चटका बसला. पितळेतून उष्णता हळूहळू बोटांपर्यंत पोचली होती — गावी विहिरीचा गाळ उपसताना घमेली हातोहात वर यायची, तशी. जुना नियम एवढाच सांगतो. पण माझ्या पीएचडीतले सिलिकॉनचे पापुद्रे केसाहून हजारो पटींनी पातळ! तिथे मधे घमेलं धरायला कुणी नाहीच. उष्णता या भिंतीवरून सुटते ती थेट त्या भिंतीवर आदळते. तिचं गणित मांडण्यात सात वर्षं गेली.
कॉलेजात जाऊन शेवटची आकडेमोड केली. चारही पापुद्र्यांचे आलेख प्रयोगाशी जुळले! घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

१५ जानेवारी
नौपाड्यात सुधीर सरांकडे. माझे मार्गदर्शक, वयाने माझ्याहून लहान. "झालं, मारुतीराव! प्रबंध बांधायला टाका. मार्चनंतर मुदतवाढ मिळायची नाही."
घरी बायको, सरोज, म्हणाली, "दारावरची पाटी बदलायची, डॉक्टर लावून!" डोंबिवलीभर सांगणार बहुतेक.

२० जानेवारी
पापुद्र्यांची मोजमापं रुचिताने केलेली. आमच्या विभागात नवीन लागलीय. आलेख बघून म्हणाली, "सर, चारही एकाच खेपेचे ना? मग भिंतींचा खडबडीतपणा प्रत्येकाला वेगळा का धरलात?"
"आलेख जुळावा म्हणून."
"मग जुळणारच की!"
ती हसली. मला हसू आलं नाही.

२१ जानेवारी
चौघांना एकच आकडा घालून पाहिला. तीन जुळतात. सर्वांत पातळ साफ चुकतो. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, नेमका तोच!

५ फेब्रुवारी, संकष्टी
एकाच आकड्याचा आलेख दाखवल्यावर सुधीर सर चिडले. "थोडंफार सगळेच जुळवून घेतात हो. न जुळणारा प्रबंध माझ्या सहीने जाणार नाही. ठरवा तुम्ही."
समोर टॉवर झाल्यापासून घरातून चंद्र दिसत नाही. सरोजने पानं घेतली. "उगवला, बसा जेवायला."
"दिसला कुठे?"
"कॅलेंडरात आहे की वेळ! दर महिन्याला चालतं, आजच काय झालं?"
चप्पल घालून खाली उतरलो. टॉवरच्या पलीकडे जाऊन, बघून, हात जोडून आलो. मग जेवलो.

१९ फेब्रुवारी
ठरत नाही. पाटीवाल्याचा फोन. उचलला नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
नोंदणी रद्द करून आलो. रुचिता यंदा पीएचडीला नाव घालतेय. न जुळणारा आलेख तिला दिला. म्हटलं, इथून सुरू कर.