कडब्याची दोन धाटं

२९ एप्रिल १९९५
आमचे मुख्याध्यापक ३१ मेला रिटायर होतात. खुर्ची कोणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको. स्पर्धेत दोघंच: मी आणि गणिताचा बद्रीनाथ. दोघं एकाच वर्षी लागलेलो. पण बद्रीनाथकडं आहे काय? खडू आणि पट्टी. माझ्याकडं दृष्टी आहे.

पेपरच्या रविवार पुरवणीत वाचलं. अमेरिकेत सातवी-आठवीतल्या हुशार पोरांना उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीत नेऊन सायकॉलॉजी शिकवतात म्हणे. मग आमच्या नेकनूरला का नाही? देशात आता सगळंच बाहेरून येतंय. टीव्हीवर चाळीस चॅनल येतात, मानसशास्त्रानं काय घोडं मारलं? बी.एड.ला मला या विषयात अठ्ठावन्न मार्क होते, तेही अंगात ताप असताना.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. तंबाखू बंद. वर्गाचा समारोप संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव अण्णा यांच्या हस्ते. पुढं खुर्ची आपोआप.

३० एप्रिल, सकाळी साडेआठ
पहाटे उठणं एक तारखेपासून. महिन्याची सुरुवात अशा गोष्टींना बरी पडते.

बायकोला, जगदेवीला, माहेरी कडा गावी जायचं होतं, भावाच्या पोराचं लग्न आहे. तिला वर्गाचं महत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, आवो, ज्यांच्या डोक्यात आधीच उजेड हाय त्यांनाच तुमी कावून दिवा दाखवता? बायकांना व्यापक विचार जमत नाही.

२ मे
स्टँडवर फळा लावला: 'हुशार मुलांसाठी मानसशास्त्र वर्ग. मोफत.' प्रतिसाद उदंड. सकाळीच एक जण सासऱ्याला घेऊन आला, म्हातारा एकटाच बोलत बसतो म्हणे. एक बाई अंथरूण ओलं करणारा पोरगा घेऊन आली. दोघांनाही सांगितलं की हा वर्ग वेड्यांसाठी नाही, हुशारांसाठी आहे. बाई म्हणाली, हुशार पोराला कशाला दाखवायचं गुर्जी, त्याला काय झालंय? आणि जाता जाता म्हाताऱ्याच्या जावयाला म्हणाली, चला दाजी, हितं धड माणसाचाच इलाज व्हतो.

शेवटी फळा उतरवला. स्कॉलरशिपच्या यादीतली चौदा नावं काढली आणि घरोघरी जाऊन सांगितलं की इंग्रजीही शिकवणार आहे. अकरा पोरं तयार. त्यात आमची रुद्राणीही आहे. माझी मुलगी म्हणून नव्हे, मेरिटवर. ती मात्र सगळ्यांना सांगत फिरते की आमचे अप्पा माणसाच्या मनातलं वळखतात. मुलांपुढं आदर्श लागतो.

५ मे
पहिलं लेक्चर: 'मन म्हणजे काय?' सुरू केलं आणि लाइट गेली. पंखा थांबला. तिघं झोपली. झोप ही मनाचीच एक अवस्था असल्यानं त्यांना उठवलं नाही.

वस्तीवरनं येणाऱ्या आश्रुबानं विचारलं, सर, मन डोक्यात असतंय का छातीत? उत्तम प्रश्न आहे, उद्या सांगतो, असं म्हणालो. (पुस्तक शोधणे.)

तंबाखू पूर्ण बंद. दुपारची सोडून.

८ मे
बुद्धिमापन चाचणी घेतली. बी.एड. कॉलेजातून आणलेली जुनी पुस्तिका. प्रश्न: घराला आग लागल्यास सर्वप्रथम काय कराल? बरोबर उत्तर: अग्निशामक दलाला फोन. आश्रुबानं लिहिलं, म्हशी सोडीन. शून्य दिला. तो भांडायला लागला. सर, गाडी बीडवरनं येस्तोवर म्हशीचं काय करायचं? आन फोन सरपंचाकडं, सरपंच लग्नाला. त्याला समजावलं की चाचणी पुण्याची आहे, म्हशी तिच्या कक्षेत येत नाहीत.

रात्री चाचणी स्वतः सोडवली, उत्तरांवर हात ठेवून. रुद्राणीपेक्षा कमी आले. आश्रुबापेक्षाही, आणि तेही त्याच्या म्हशी धरलेल्या नसताना. चाचणी कालबाह्य आहे. शिवाय कंदिलाच्या उजेडात बुद्धी नीट मोजता येत नाही.

१२ मे
सहल कपिलधारला. विषय: 'धबधबा आणि मानवी भावना'. देवळात दर्शन झालं. धबधब्याला पाणी नव्हतं. मेमध्ये नसतं, हे मला ठाऊक होतं, पण अकरा पोरांतलं एकही आदल्या दिवशी बोललं नाही याला काय म्हणावं? रुद्राणी म्हणाली, आमाला वाटलं तुमी कोरडाच दाखवणार असाल. काहीतरी कारण असंल.

मुलांना डोळे मिटून धबधब्याची कल्पना करायला लावलं. आश्रुबानं कल्पनेतसुद्धा म्हशी पाण्यात घातल्या.

परतताना एस.टी. थांबली नाही. दुसरी भरून आली. तिसरीच्या टपावर बसायला कंडक्टर नको म्हणाला. डोकं ठणकतंय. तंबाखू एक चिमूट, औषध म्हणून.

१६ मे
आज खरा प्रयोग. माणूस आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो की लोकांच्या तोंडावर, हे पाहायचं. साहित्य साधं: कडब्याची दोन धाटं, म्हणजे ज्वारीचे वाळके दांडे. एकाला लाल कागद गुंडाळला, दुसऱ्याला पिवळा. लाल धाट चांगलं चार बोटं जास्त लांब. आंधळ्यालाही हातानं कळावं.

आश्रुबाला बाहेर पाठवलं. बाकीच्यांना शिकवून ठेवलं की सगळ्यांनी 'पिवळं लांब' म्हणायचं. आश्रुबा आत आला. दहा जणांनी एकामागून एक पिवळं लांब म्हटलं. शास्त्रानुसार त्यानं डगमगायला हवं होतं. तो सगळ्यांकडं बघत राहिला आणि म्हणाला, ऊन लागलं का बे तुमाला? मग उठून दोन्ही धाटं शेजारी-शेजारी धरून दाखवली. प्रयोग बाद. या मुलाला समाजाचं भान नाही.

१७ मे
जेवताना रुद्राणीनं विचारलं, अप्पा, मग माणूस वाकतो तरी कवा? मी घास बाजूला ठेवून सांगितलं. ज्याच्या मनाला कणा नाही तो वाकतो. ज्याला काही हवं असतं तो वाकतो. शिकलेला, विचार करणारा माणूस जगाच्या विरुद्ध एकटा उभा राहतो. तिनं विचारलं, तुमी ऱ्हाल उभं? मी नुसतं हसलो. काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

ती ज्या नजरेनं माझ्याकडं बघत होती ती नजर बद्रीनाथनं बघायला हवी होती.

जगदेवी म्हणाली, आधी जेवा, आमटी निवली.

२० मे
समारोपाचं आमंत्रण घेऊन अण्णांच्या बंगल्यावर गेलो. पत्र रुद्राणीच्या हातचं होतं. अण्णांनी ते नाकाला लावून बघितलं, लांब धरून बघितलं आणि म्हणाले, छपाई झकास हाय. मुलांच्या हस्ताक्षराला छपाई म्हणणं, काय ही गुणग्राहकता! मग म्हणाले, बसा बद्रीनाथ, च्या घ्या. आपुलकीत माणूस नावं विसरतो. कपाशेजारी बशी होती, त्यांनी चहा टेबलावरच ओतला. डोक्यात संस्थेचे किती विचार असतात.

निघताना म्हणाले, मुख्याध्यापकाचं त्या दिवशी बघू. माझ्याकडं बघून म्हणाले. म्हणजे माझ्या बाजूच्या खांबाकडं, पण रोख माझ्यावरच होता.

२३ मे
उद्याचा कार्यक्रम ठरला. प्रयोग जाहीर करायचा, पण उलटा. मुलांना सांगितलं की उद्या कुणीही काहीही म्हणो, तुम्ही डोळ्यांना दिसेल तेच सांगायचं. सुरुवात अण्णांपासून. ते अर्थातच लाल म्हणतील. मग पाहुण्यांपैकी काहींनी मुद्दाम पिवळं म्हणायचं, आणि माझी पोरं ठाम राहतील. अण्णा थक्क होतील. खुर्ची.

पहाटे पाचला उठणे. उद्या नक्की.

२४ मे, रात्री
कार्यक्रम यशस्वी झाला असंच म्हणावं लागेल.

अण्णा दीड तास उशिरा आले. हार, नारळ, स्वागतगीत. मी धाटं उंच धरून विनंती केली की अण्णांनी आपल्या पारखी नजरेनं लांब धाट कोणतं ते सांगावं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, पिवळं.

मुख्याध्यापक म्हणाले, पिवळंच. रिटायरमेंटला आठवडा राहिलेल्या माणसानं एवढं करायची गरज नव्हती. संचालक मंडळानं माना हलवल्या. एक जण म्हणाला, बघताक्षणीच वळखलं अण्णांनी. बद्रीनाथला विचारलं तर तो म्हणाला, मोजून सांगतो, आणि फळ्याची मोठी पट्टी आणायला गेला. चहा संपेपर्यंत आला नाही. जबाबदारी टाळण्याची ही पद्धत मी ओळखून आहे.

मग माझी पाळी. सगळे माझ्याकडं बघत होते. धाटं माझ्याच हातात होती. मीच कापलेली. मी म्हणालो, अण्णांनी म्हटल्याप्रमाणं पिवळंच लांब आहे, आणि ही गोष्ट वरवर बघणाऱ्याला दिसत नाही.

टाळ्या चांगल्या पडल्या.

पुढं मुलं. काल मीच शिकवून ठेवलं होतं, ते आज आठवायचं काही कारण नव्हतं. पहिलं पोरगं म्हणालं लाल. दुसरं लाल. आश्रुबा तर उभा राहून ओरडला, लाल! सगळी ठाम. शेवटी रुद्राणी. मी तिला हळूच म्हणालो, नीट बघ बाळा. तिनं धाटांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, लालच लांब हाय अप्पा. तुमीच तर कापलं.

मी मंडळींना दृष्टिभ्रम समजावून सांगितला. मुलं सतरंजीवर बसलेली, खालून बघताना लांबी फसवते. अण्णा काही बोलले नाहीत. म्हणजे पटलं.

२५ मे
लाल धाट शेजारच्या शेळीनं खाल्लं. बरं झालं.

रुद्राणी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. पुस्तकात दिलंय, या वयात मुलं आईवडिलांपासून दूर जातात. नैसर्गिक आहे.

२७ मे
वर्ग संपला तरी पोरं अंगणात जमतात, रुद्राणीकडं. मी गेलो की गप्प होतात. आश्रुबाला आपणहून म्हणालो, मन डोक्यातही नाही आणि छातीतही नाही, तो प्रश्न फार खोल आहे. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या सर.

तंबाखूचा विषय जूनमध्ये घेऊ. एका वेळी एकच सुधारणा करावी असं शास्त्र सांगतं.

२९ मे
बातमी कळली. बीडला नेत्रशिबिर होतं, त्यात अण्णांनी दोन्ही डोळे दाखवले. दोन्हींत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन झालं. दोन वर्षं त्यांना धड दिसत नव्हतं आणि लाजेपायी कुणाला सांगत नव्हते म्हणे. जगदेवी म्हणाली, च्या टेबलावर वतला तवाच तुमाला कळाय पायजे हुतं. मनातलं वळखता ना तुमी?

तरी एक प्रकारे चांगलंच झालं. अण्णांना दिसत नसताना मी त्यांची इज्जत राखली. मोठी माणसं असं विसरत नाहीत.

३१ मे
अण्णांचं बोलावणं. नवा शर्ट घातला. रुद्राणी दारात उभी होती. म्हणालो, येताना पेढे आणतो. तिनं नुसती शर्टाची कॉलर सरळ केली.

अण्णा काळा चष्मा लावून बसलेले. बद्रीनाथ शेजारी, मांडीवर पट्टी नव्हती एवढंच. अण्णांनी चष्मा काढला, मला चांगलं न्याहाळलं. गोरे हाय की तुमी, म्हणाले, मला सावळे वाटायचे. मग म्हणाले, पोरांनी त्या दिवशी लाल लाल केलं तवा माझ्या ध्यानात आलं, आपल्या डोळ्याचं काम आटपलं, आता डॉक्टर गाठाय पायजे. लेकरांचे लई उपकार झाले. मी म्हणालो, आपल्याच आशीर्वादानं वर्ग घेतला होता अण्णा.

अण्णा म्हणाले, गुर्जी, एक सांगा. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हुता. तुमच्या डोळ्यात काय हुतं?

दृष्टिभ्रमाचं पुन्हा सांगावं असं वाटलं, पण सतरंजीवर मी नव्हतो.

खुर्ची बद्रीनाथला. अण्णा म्हणाले, ह्यानं बी खरं सांगितलं न्हाई, पर पट्टी तरी आनाय गेला.

पेढे आणले नाहीत. घरी सांगितलं की मुख्याध्यापकाच्या कामात नुसतं पत्रव्यवहाराचं ओझं असतं, मीच नको म्हणालो. जगदेवीनं मान हलवली. रुद्राणीनं शर्ट धुवायला घेतला.

३ जून
उकाडा तोच. पहाटे उठलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मानसशास्त्र नको. लोकांची तयारी नाही. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट घ्यावं, त्याला आता मागणी आहे.

संध्याकाळी जेवायला बसलो. जगदेवी चुलीपुढं. रुद्राणीनं दोन भाकरी माझ्यासमोर धरल्या. समारोपानंतर पहिल्यांदा बोलली. म्हणाली, अप्पा, ह्यातली मोठी कंची?

एक परातीएवढी होती, एक वाटीएवढी. शेवटच्या पिठाची.

एक शब्द बोलायचा होता. मी आधी जगदेवीच्या तोंडाकडं बघितलं.

रुद्राणीनं ते बघितलं. उत्तरासाठी न थांबता मोठी भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि आईला म्हणाली, वाढ गं तू.