गाठ माझी, बिब्बा आक्काचा

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सोनोग्राफी झाली. उजव्या खांद्याखाली, पाठीवर पेरूएवढी गाठ. डॉक्टर भार्गवी मॅडम म्हणाल्या, "चरबीची वाटतेय, पण मोठी आहे. एमआरआय करू, म्हणजे साधी की वाईट ते कळेल." वाईट म्हणजे? — विचारलं तर बाई चिठ्ठी लिहायला लागल्या.

रिक्षातच बायकोला, सुकन्याला सांगून टाकलं, गॅसचं कार्ड कपाटात वरच्या खणात आहे. ती म्हणाली, "आधी भाजी घ्यायचीय, उतरा."

बुधवार, १२ फेब्रुवारी

सुकन्यानं सांगोल्याला फोन केला वाटतं. पहिल्या एसटीनं मायाक्का हजर! माझी थोरली बहीण. जन्म मेंढरांमागं गेला, त्यामुळे डॉक्टरकी अंगातच. शर्ट वर करून गाठ दाबली. "दुकतंय का हितं?" नव्हतं दुखत. "मग बिब्बा दिऊ. चार दिसांत बसंल."

मी शाळेतला हेडक्लार्क, मास्तर लोक मला टरकतात. पण आक्कापुढं माझं कधी चाललंय? बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं की पाठीवर चटाचट ठिपके. संध्याकाळपर्यंत पाठ नुसती पेटली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

एमआरआय. टेक्निशियन म्हणाला, "अंगावरचं सगळं काढा. करदोटापण." चांदीचा आहे. आमच्याकडं पुरुषाचा करदोटा निघतो तो तिरडीवरच. मी म्हणालो, नाही काढणार. तो म्हणाला, मग घरी जा. सुकन्यानं काढला आणि पर्समध्ये टाकला.

मशीनमध्ये अर्धा तास ठोकाठोकी. बिब्ब्याचं कुणाला बोललो नाही. लाज वाटली. शिवाय आतलं बघायचं मशीन ते, कातडीचं काय बघणार?

शनिवार, १५ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. "गाठ चरबीसारखी दिसते, पण भोवती सूज आहे. साध्या गाठीला सहसा अशी नसते. सोमवारी या, तुकडा काढून तपासू."

भीती वाटते. सरळ लिहितो — मला मरायचं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आक्कानं मटण केलं. जेवण गेलं नाही. तीनच भाकरी खाल्ल्या.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तुकडा काढायच्या आधी मॅडमनी पाठ बघितली. काळे ठिपके, फोड. "हे काय?" म्हणालो, बिब्बा. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढं काय काय बोलल्या ते लिहवत नाही.

सार एवढंच — एमआरआयच्या एका फोटोत चरबीची चकाकी पुसून टाकतात. मग चरबी काळी पडते आणि सूज पांढरीफेक दिसते. माझी गाठ शहाण्यासारखी काळी पडली होती. भोवतीचा पांढरा भडका सगळा आक्काचा असणार! तुकडा सध्या रद्द. सूज उतरू द्या, पुन्हा फोटो काढू, मगच खात्रीनं सांगते म्हणाल्या.

घरी सुकन्या म्हणाली, "आक्का, तुमच्या बिब्ब्यानं यांना अर्धं मारलं होतं." आक्का म्हणते, "सूज आली म्हंजे गुण याय लागला की!" आणि गावाला निघून गेली.

मंगळवार, ११ मार्च

पुन्हा एमआरआय. सूज गेली. निव्वळ चरबी! "पोटावर आहे तीच," मॅडम म्हणाल्या. पोटाचा विषय काढायची गरज नव्हती. गाठ वाढली किंवा दुखली तर काढू, नाहीतर राहू दे.

बाहेर येऊन रडलो. सुकन्यापण रडली. मग दोघांनी उसाचा रस घेतला. आक्काला फोन केला. "बरं झालं बाबा," म्हणाली आणि ठेवला.

बुधवार, १२ मार्च

सकाळी आक्का दारात. पाणीसुद्धा न घेता सुकन्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. सुकन्या बाहेर आली ती मॅडमना फोन लावतच.

आक्काच्या मांडीत गाठ आहे. दोन वर्षं झाली. माझ्याहून मोठी.

मी ओरडलोच तिच्यावर, इथं होतीस तेव्हा बोलली का नाहीस? आक्का म्हणाली, "आदी तुजं कळायचं हुतं."