सासूबाईंचं आजारपण

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हा तुमचं जे वय होतं, ते आता माझं आहे. त्यामुळे आज पहिल्यांदाच बरोबरीच्या नात्यानं लिहितेय. समोर असतात तर अजूनही खुर्चीच्या कडेवर बसले असते. लोक मला निर्भीड लेखिका म्हणतात. मंत्र्यांची, संपादकांची, साहित्य संमेलनातल्या हारतुऱ्यांची मी यथेच्छ टर उडवते आणि सभागृह टाळ्या वाजवतं. त्यांनी मला तुमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही.

त्या काळी सगळीकडे रीत तीच होती. काचेची नळी तोंडात धरायची, श्वासानं द्राव वर ओढायचा आणि खुणेपाशी आला की जिभेनं अडवायचा. नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा असायचा. क्षयाचे जंतू आणि मी, यांच्यामध्ये तेवढाच बोळा. एका सकाळी लक्ष उडालं, मी जरा जोरात ओढलं आणि बोळा ओला होऊन माझ्या जिभेला थंड लागला. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतात. कसं कळलं कोण जाणे, तिथूनच ओरडलात, "थुंका! आधी थुंका!" मी थुंकले, जंतुनाशकानं गुळण्या केल्या, तोंड पोळून घेतलं. तुम्ही माझ्या उरलेल्या परीक्षानळ्या स्वतःच्या टेबलावर नेल्यात आणि माझ्या वाटचं काम पुरं केलंत, अर्थातच तोंडानं.

त्या दिवसापासून मी भीतीच्या घरी नांदायला गेले. चिंचवडच्या आमच्या घरात माझं ताट, माझा पेला मीच वेगळा केला. मुलगी नुकती रांगायला लागलेली. ती जवळ आली की मी पदर तोंडावर घ्यायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला सांगायच्या, "शिकल्याली सून हाय बाई, लेकराची पापीबी घेत न्हाई." रात्री छातीत जरा खरखरलं की मी श्वास रोखून वाट बघायची, खोकला येतोय का. आणि नेमकं त्याच महिन्यात तुम्ही बोलावून सांगितलंत की संशोधकाची कायमची जागा मंजूर झालीय, ती मला द्यायचीय. बाईमाणसाला अशी जागा! आठवड्यानं मी तुमच्यापुढे उभी राहून घोकलेलं वाक्य म्हटलं, "सर, आपले उपकार आहेत, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. सध्या जमणार नाही." भीती वाटते, एवढे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

आपल्याकडे कुणाला आजारी पाडणं सोपं असतं, पण लोक बघायला येतात हे मी विसरले होते.

रविवारची सकाळ आहे. पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात यांची रविवारची पाळी लागलीय. मी अंगणात धुणं वाळत घालतेय आणि फाटकातून तुम्ही आत येताय, हातात मोसंब्यांची पिशवी. "सासूबाईंना बघायला आलो. झोपल्यात का?" माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. मी काही रचायच्या आत मागच्या बाजूनं आत्याबाई आल्या, डोक्यावर वैरणीचा हा एवढा भारा!

"कोन पाव्हनं म्हनायचं?"

"आमचे सर," मी म्हटलं. "तुम्हाला बघायला आलेत. तुम्ही आजारी... म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोसंब्यांकडे पाहिलं, भारा खाली टाकला आणि त्याच्यावरच बसकण मारली. "व्हय मास्तर. लई आजारी हाय. उठवतच न्हाई बगा."

"आत्ता डोक्यावर भारा होता," तुम्ही म्हणालात.

"त्यानंच तर बसले."

तुम्ही हसलात आणि ओसरीजवळच्या स्टुलावर बसलात. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात मुलगी रांगत ओसरीवरून उतरली आणि तुमच्या धोतराला धरायला निघाली. तुम्ही इतक्या झटक्यानं उठलात की स्टूल उलटलं. पार फाटकापर्यंत मागे गेलात. "उचला! आधी उचला तिला!" तोच आवाज. माझ्या जिभेला पुन्हा तो ओला बोळा लागला.

चहा आणला तर तुम्ही कप घेतला नाहीत. पिशवीतून निळ्या काठाचा पांढरा मग काढलात, हात लांब करून धरलात. "यात ओता. वरून."

आत्याबाईंचा चेहरा आंबला. "आमच्या कपाला काय विटाळ हाय व्हय, मास्तर? कुनब्याच्या घरचं चालत न्हाई वाटतं."

मी तुमच्याकडे पाहिलं. ज्या माणसानं शिपायाच्या डब्यातली भाकरी मागून खाल्ली, तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, आजी. जुन्या वळणाचा आहे मी." आणि जातीचा तो डाग अंगावर घेऊन मुकाट्यानं चहा प्यायलात.

फाटकाबाहेर मी हातभर अंतरावर थांबले. तुम्हीच ते अंतर ठेवलं होतंत. "माझ्या छातीच्या फोटोत डाग आलाय," तुम्ही म्हणालात. "घरी माहीत आहे, कॉलेजात सांगितलेलं नाही. तुमच्या छातीचा फोटो उद्याच काढून घ्या." मग पिशवी माझ्याकडे न देता कुंपणाच्या खांबाला अडकवलीत. "आणि बाई, सासूबाईंना इतक्यात बरं होऊ देऊ नका. जागा भरेपर्यंत तरी." इतका सभ्य नकार इतक्या सभ्यपणे कुणी मंजूर केला नसेल.

माझा फोटो स्वच्छ निघाला. क्षयावर औषध निघालं होतं, पण तुम्ही हातातलं काम संपवून मग ते सुरू करणार होतात. आत्याबाईंना मी त्या वेगळ्या मगाचं खरं कारण सांगितलं ते तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा.  त्या म्हणाल्या, "आगं, मग मला बोलू कशाला दिलंस?"

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा शेवटचं सांगून टाकते. ती मोसंबी मी घरात येऊ दिली नाहीत. चिमट्यानं पातेल्यात टाकली आणि परसात चुलीवर उकळली, सर. मोसंबी! एवढं करूनही मुलीला द्यायचा धीर झाला नाही, म्हणून गोठ्यामागे पुरली. एक मात्र ठेवलं होतं. सगळे आत गेल्यावर ते सोलून एक फोड तोंडात घातली. उकळल्यानं सालीचा कडूपणा आतपर्यंत उतरला होता.

थुंकले नाही.