शेगड्याचे दात

५ जानेवारी, रविवार

स्वयंपाकघरात शेगडा! लोखंडी, दोन जबड्यांत वस्तू आवळून धरणारा, वर्कशॉपमध्ये असतो तसला. ह्यांनी आज माझ्या कणीक मळायच्या टेबलाला बोल्ट मारून बसवला. मला विचारलं? विचारायचं नाव नको! "हितं उजेड चांगला हाय," म्हणाले. उजेड गॅलरीतही आहे. पण तिथे आयता चहा हातात येत नाही ना!

कुपवाडचं वर्कशॉप पुतण्याकडे सोपवलं तेव्हा वाटलं होतं, आता हे बस्तीत देवापुढे बसतील, दोन शब्द शास्त्राचे वाचतील. बरोबरीची माणसं शिखरजीला जाऊन आली. आमचे बंदुका दुरुस्त करणार. बंदूक नाही म्हणायचं म्हणे, एअर रायफल. लायसन लागत नाही, कागदावर छर्रे मारतात फक्त. नाव बदललं म्हणून कारलं गोड होतं का? आपण जैन, पाणीसुद्धा गाळून पितो, आणि टेबलावर हे हत्यार आडवं पडलंय. शी!

६ जानेवारी, सोमवार

रायफल राणीची. जतकडच्या मेंढरंवाल्या अर्जुनाची मुलगी. इथे सांगलीत नेमबाजीच्या क्लबात शिकते, तिथल्याच वसतिगृहात राहते. रायफल कुणाची तरी जुनी घेतलेली, आतली स्प्रिंग मेलेली. एकोणीसला निवड-चाचणी आहे. त्यात नाव नाही आलं तर वसतिगृहातली जागा जाणार, मग परत मेंढरांमागं. दुकानवाला महिना लागेल म्हणाला, आणि आमच्या ह्यांना पाझर फुटला.

पोर चांगली आहे. चप्पल बाहेर काढून, पाय धुऊन आत आली. पण घरभर तेलाचा वास! पोळीलासुद्धा लागतोय. मी दोनदा फोडणी दिली तरी जाईना.

७ जानेवारी, मंगळवार

अष्टमी. एकाशन, दिवसात एकदाच जेवण. जेवायला बसले तर मिठाच्या वाटीत स्क्रू.

वाटी उचलून ह्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणतात, "सापडला व्हय! सकाळधरनं हुडकतोय." लाज म्हणून नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज कहर झाला. शेगड्याच्या जबड्यांवर तपकिरी काहीतरी चिकटवलेलं. हात लावला, वास घेतला. चामडं! माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी चामडं!! जुना पट्टा कुठूनसा आणून कापला होता. या घरात साधं पाकीट येत नाही, लग्नातले बूटसुद्धा कापडी घेतले होते ह्यांनी. चिमट्याने ओढून काढलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. चिमटाही टाकला.

बाहेरून आल्यावर ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "अगं, शेगड्याला दात असत्यात. लोखंडानं लोखंड आवळलं की रायफलची नळी ओरबाडती, नाही तर चेपती. मधी मऊ पायजे, आणि सरकायबी नको. चामडं धरून ठेवतंय."

म्हटलं, "माझं तोंड धरून ठेवा, तेही सुटलंय आज."

मग मीच उपाय दिला. माळ्यावर हळदीची रिकामी पोती आहेत. गोणपाटाच्या चार घड्या घाला, गादीसारखं मऊ होईल. ह्यांनी घडी घालून बघितली. "सरकतंय गं." मी म्हटलं, सरकलं तर पुन्हा आवळा. घरात बंदूक आणली ती सोसली, चामडं सोसणार नाही. शेवटी गोणपाटच लावलं. जिरली!

१० जानेवारी, शुक्रवार

शेजारची मनुबाई हळदी-कुंकवाचं आमंत्रण द्यायला आली, शेगडा बघून दारातच थबकली. "काय गं चंदन, बंदुकीचा कारखाना काढलाय काय?" हसत होती मेली. उद्यापर्यंत गल्लीभर होणार.

१२ जानेवारी, रविवार

चतुर्दशी. उपवास.

सकाळी मी जप करत होते. फाड्कन आवाज, मग भांडी पडल्याचा. धावत गेले. हे टेबलाशी वाकलेले, डावा हात उजव्यात धरलेला, रक्त कणकेच्या परातीत. नळी गोणपाटातून सरकली, हे आत दाबत होते ती नवी स्प्रिंग सुटली, तिचं लोखंडी टोपण अंगठ्यावर बसलं आणि तिथून कपाटावर. कपाटाचा पत्रा आत गेलाय. वीतभर वर असतं तर डोळा होता.

मिरजेला नेलं. हाड मोडलंय, प्लास्टर. येताना रिक्षात मी बोललेच, तोंडाला येईल ते. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे! हे एवढंच म्हणाले, "चूक माझीच. सरकतंय ठावं असून हात घातला."

माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून जास्तच संताप येतोय, आणि कुणाचा ते मला पक्कं माहीत आहे. शी! हळदीच्या पोत्याने अहिंसा पाळायला निघाले होते मी.

१३ जानेवारी, सोमवार

परात घासली. तीनदा. शेगडा काढायला पुतण्याला बोलावलंय, तो संक्रांतीनंतर येतो म्हणतो.

१५ जानेवारी, बुधवार

राणी आली. ह्यांचा हात बघून रडवेली झाली. मग ओढणी पसरून रायफलचे सगळे भाग त्यात गोळा करायला लागली. म्हटलं, कुठे नेतेस?

"हॉस्टेलवर. मीच बसवते की आता."

"आणि धरशील कशात?"

"गुडघ्यात. आवं काकू, आमी मेंढरू कातरताना आसंच धरतो. दोन गुडघ्यांत आवळायचं, हालत न्हाई. बा म्हनतोय, जित्तं मेंढरू ऱ्हातंय, मग ही नळी का न्हाई ऱ्हायची?"

हे पलंगावरून ओरडले, "आगं मेंढराच्या पोटात स्प्रिंग नसती!" ती हसली. तिला ते खरंच सोपं वाटत होतं. गुडघ्यात धरणार म्हणजे वर वाकणार, तोंड बरोबर टोपणावर. तिला कपाटाच्या पत्र्यावरचा खड्डा दाखवला. म्हणाली, "मग काय करू काकू? रविवारी हाय."

ओढणीची गाठ मी सोडली. भाग ठेवून घेतले. शुक्रवारी ये म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

१६ जानेवारी, गुरुवार

बसस्टँडजवळच्या चांभाराकडे गेले. कधी न गेलेली जागा. पदर नाकाला लावून उभी राहिले. तो म्हणतो, "चपलेचा तळ हाय का आक्का?" म्हटलं, शेगड्याला लावायचंय. जाड द्या, सरकणार नाही असं.

पिशवीतून आणलं. रिक्षाभर पिशवी अंगापासून लांब धरली. घरी येऊन अंघोळ केली. मग पुन्हा त्याला हात लावला, पुन्हा अंघोळ. शेवटी नाद सोडला. महाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त घेईन. काय सांगणार त्यांना? पोरीचा डोळा वाचवायला दुसऱ्या जिवाची कातडी आणली म्हणून? मेलेल्या जनावराची ती, पण माझं मन ऐकत नाही. घाण वाटते ती वाटतेच.

१७ जानेवारी, शुक्रवार

ह्यांचा एक हात बांधलेला, म्हणून हात माझे. हे स्टुलावर बसून सांगत होते, राणी मागे उभी. चामडं दोन्ही जबड्यांना लावलं. नळी मध्ये ठेवली. "आवळ. आनखी. आता हालवून बघ." हलवली. हलली नाही. "टोपणाच्या रेषेत उभी ऱ्हाऊ नको, बाजूला सर." सरले. लाकडाचा ठोकळा टोपणावर दाबून मी नवी स्प्रिंग आत ढकलत गेले. सगळी ताकद लावली. आत एक जिवंत ताकद उलटी ढकलत होती, आणि नळी तसूभर हलली नाही. राणीने पिन घातली. "बसली!" हे ओरडले.

मी कणकेची परात पुढे ओढली. स्वयंपाकाला उशीर झाला होता.

१९ जानेवारी, रविवार

राणीचा फोन. निवड झाली! नुसती ओरडत होती, मेंढरं हाकल्यासारखी.

संध्याकाळी शेगडा काढायला पुतण्या आला. मी दारातूनच परत पाठवला. मग ह्यांना विचारलं, क्लबात आणखी कुणाची रायफल बिघडलेली आहे का.

शी! मी विचारलं.